नानाने पामर दाजींना दिला, आणि लीगमधलं भांडण अजून मिटेना

बिनपगारी_अ‍ॅडमिन | ६ ऑगस्ट २०२४, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा क्रीडा विभागात टाकावा की कौटुंबिक समस्यांमध्ये, ते कळत नव्हतं. शेवटी इथे टाकला.

आमची आठ जणांची फॅन्टसी फुटबॉल लीग आहे. म्हणजे खरे खेळाडू घेऊन आपली कागदी टीम करायची, आणि ते प्रत्यक्ष सामन्यांत जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. जळगावला एकाच हॉस्टेलवर राहिलेली पोरं. आता कुणी चोपड्याला, कुणी भुसावळला, एक सुरतेत कापडात, एक पुण्यात. इंग्लिश प्रीमियर लीगचा ड्राफ्ट प्रकार खेळतो. पैसे लावत नाही. जो तळाला जाईल त्याने थंडीत नानाच्या शेतात भरीत पार्टी द्यायची, आणि वांगी बामणोदचीच पाहिजेत. आमच्याकडे लेखी नियम एवढा एकच.

आता भांडण. ऑक्टोबर २०२३, घटस्थापनेच्या आधीचा आठवडा. आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे लीग थांबलेली. नानाने चेल्सीचा कोल पामर दाजींना दिला आणि बदल्यात मँचेस्टर युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड घेतला. अ‍ॅडमिन मी, मी काहीच हरकत घेतली नाही. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. पामरचे लीगमध्ये २२ गोल, ११ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) आणि २४४ पॉइंट, म्हणजे त्या सीझनला अख्ख्या गेममध्ये सर्वात जास्त. रॅशफर्डने आदल्या वर्षी १७ गोल मारले होते, या वर्षी ७. दाजी पहिले आले, सोन्या दुसरा, नाना पाचवा.

येत्या रविवारी नवा ड्राफ्ट आहे. सोन्याने ग्रुपवर जाहीर केलंय की यापुढे प्रत्येक ट्रेडवर बाकीच्यांचं मतदान झालं पाहिजे, नाहीतर तो खेळणार नाही. दाजी म्हणतात, मतदान ठेवणार असाल तर ट्रेडच बंद करा. नाना काहीच बोलत नाही.

एक तपशील राहिला. दाजी आमच्यातलाच. नानाच्या बहिणीशी लग्न झालं तेव्हापासून तो सगळ्यांचाच दाजी. त्यामुळे सोन्याचं म्हणणं असं की २०२३ ला अधिक महिना होता, नानाने जावयाचं वाण जरा उशिरा दिलं.

व्हेटो, म्हणजे दुसऱ्यांचा सौदा अडवायचा अधिकार, ठेवावा का? अनुभव असेल त्यांनी सांगा.

---

पॅव्हेलियनमधून | ६ ऑगस्ट, ११:०२

रुमाल टाकून ठेवतो. वाण वाचून चहा नाकात गेला.

---

क्रिकेटच_बरं | ६ ऑगस्ट, ११:१५

आम्हा पामरांना कळेल असं सांगा की. अकरा खेळाडू निवडायचे, कॅप्टन ठेवायचा, त्यात देवाणघेवाण कुठून आली? दोघांकडे एकच खेळाडू असू शकतो ना?

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | ६ ऑगस्ट, ११:३१

तुम्ही म्हणताय तो साधा प्रकार. त्यात बजेट असतं आणि मँचेस्टर सिटीचा हालंड सगळ्यांच्याच टीममध्ये असतो. ड्राफ्टमध्ये एक खेळाडू अख्ख्या लीगमध्ये एकाच मालकाचा. आठ जण पाळीपाळीने उचलतात. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. प्रत्येकाचे पंधरा : दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. बजेट नाही, कॅप्टनही नाही. मिडफिल्डरच्या गोलला पाच पॉइंट, असिस्टला तीन. उरलेले खेळाडू मोकळे असतात. ते हवे असतील तर वेव्हरला नंबर लावायचा, ती यादी डेडलाइनच्या चोवीस तास आधी सुटते. नाहीतर मग दुसऱ्याशी सौदा. पामर आणि रॅशफर्ड गेममध्ये दोघंही मिडफिल्डर, त्यामुळे अदलाबदल सरळ बसली.

---

केळीबाग_रावेर | ७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

व्हेटोचं नंतर बघू. आधी एक सांगा, सौदा झाला तेव्हा दोघांना काय काय माहीत होतं?

आमच्याकडे केळीचा व्यापारी बागेत येतो. भाव त्याला माहीत, मलाही माहीत, बऱ्हाणपूरचा आकडा सकाळीच मोबाइलवर येतो. तरी तो घड हातात घेऊन म्हणतो, 'भाऊ, माल हलका आहे,' आणि भाव पाडतो. कमी भावाने मागितलं तर माझी ना नाही, मी नको म्हणू शकतो. पण चांगल्या मालाला हलका म्हणणं ही लबाडी. तर दाजींनी पामरला हलका म्हटलं होतं का? नसेल म्हटलं, तर नानांनी बाग स्वतःच्या हाताने दिली. तक्रार कसली?

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | ७ ऑगस्ट, ९:२०

दाजींचा मेसेज ग्रुपवरच होता. शोधून जसाच्या तसा देतो :

'नाना, तुझा लाडका रॅशफर्ड देतो. चेल्सीचं ते नवीन पोरगं दे, बेंचवर ठेवायला होईल.'

नानाचं उत्तर : अंगठा.

---

सुधाताई_धुळे | ७ ऑगस्ट, ९:४८

'बेंचवर ठेवायला होईल' हे हलका माल म्हणण्यासारखंच झालं की हो.

पण मी दुसरं सांगते. सगळे मे महिन्यात, सीझन संपल्यावर, उभं राहून ऑक्टोबरचा सौदा मोजताय. त्या दिवशी पामरच्या नावावर चेल्सीकडून लीगमध्ये एकच गोल होता, ७ ऑक्टोबरचा, बर्नलीच्या मैदानावर, तोही पेनल्टीवर. रॅशफर्डचाही त्या सीझनमध्ये लीगमध्ये एकच, सप्टेंबरात आर्सेनलविरुद्ध. एकाच्या पाठीशी आदल्या वर्षीचे सतरा गोल, दुसरा एकवीस वर्षांचा, मँचेस्टर सिटीने महिन्याभरापूर्वी विकलेला. त्या आठवड्यात मतदान घेतलं असतं तर बहुतेकांनी दाजींनाच वेड्यात काढलं असतं. व्हेटो लावला असता तो दाजींना वाचवायला!

खरा मुद्दा पेनल्टीचा. पामरच्या २२ मध्ये नऊ पेनल्टी आहेत. बर्नलीला स्टर्लिंगने पेनल्टी मिळवली आणि मारली पामरने. ज्याने तो सामना पाहिला त्याला कळलं की चेल्सीचा पेनल्टीवाला बदलला. नुसता स्कोअर पाहणाऱ्याला एवढंच दिसलं की पोराने एक गोल मारला. दाजींनी सामना पाहिला होता, हे मी पैजेवर सांगते. नानांनी पाहिला होता का?

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | ७ ऑगस्ट, १०:०५

शनिवारी साडेसातला होता सामना. कापूस वेचणीचे दिवस आणि नानाचं कृषी केंद्र. त्या वेळेला तो दुकानात असतो, एवढं माहीत आहे.

---

केळीबाग_रावेर | ७ ऑगस्ट, १०:१२

मग झालं ना. व्यापाऱ्याच्या मोबाइलवर भाव आला, शेतकऱ्याचा मोबाइल चार्जिंगला.

---

अमयनेरकर | ७ ऑगस्ट, १०:३०

एक पोऱ्यासाठे इतला मोठा धागा! जे व्हयनं ते व्हयनं, आते रडीसन काय उपयोग शे भो. भरीतनं बोला.

---

कोथरूडचा_भाडेकरू | ७ ऑगस्ट, दुपारी १:१०

आमच्या ऑफिसात मतदानाचा व्हेटो होता. होता म्हणतोय, कारण लीगच उरली नाही.

मतदान करणारा प्रत्येक जण स्वतः शर्यतीत असतो, घोळ तिथेच आहे. सौदा रास्त आहे की नाही हे कुणी बघत नाही, माझं नुकसान होतंय का एवढंच बघतो. पहिल्या नंबरवाल्याने चांगला खेळाडू घ्यायचा म्हटलं की सगळे विरोधात. तळातल्या दोघांनी आपसात काहीही करा, कुणी ढुंकून पाहत नाही. दिवाळीपर्यंत आमच्याकडे एकही ट्रेड पास झाला नाही. मग लोकांनी टीम लावणंच सोडलं. अर्ध्या टीममध्ये जखमी खेळाडू पडून, कोण जिंकलं याचं कुणाला सोयरसुतक नाही.

व्हेटो असावा तो संगनमतासाठी. एखादा मे महिन्यात हरलाच आहे, त्याने आपला हालंड मित्राला फुकट दिला, अशा वेळी. मूर्खपणाला व्हेटो नसतो. माणसाला स्वतःच्या टीमची माती करायचा हक्क पाहिजे, नाहीतर खेळायचं कशाला?

त्यामुळे इथे प्रश्न एकच : नाना आणि दाजी यांचं संगनमत होतं का? आणि धागाकर्ते, माफ करा, पण मेहुण्या-मेहुण्यांचं आपसात पटतं तरी का?

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | ७ ऑगस्ट, १:४०

लग्नात बुटांवरून जे झालं ते अजून मिटलेलं नाही. संगनमत विसरा.

---

सोन्या_भुसावळ | ७ ऑगस्ट, रात्री ८:५५

लिंक मिळाली. माझ्या पाठीमागे पंचायत भरवलीय, छान.

पुणेकर भाऊ, तुमचं पटतं. पण संगनमत म्हणजे काय स्टॅम्पपेपरवर करतात का? दाजी घरी येणार, आई पुरणाचे मांडे करणार, नानाला 'आमच्या पाहुण्यांना दे रे' असं कुणी म्हणायचीही गरज नाही. ते हवेतच असतं. माझ्याकडे त्या वेळी वेस्ट हॅमचा बोवेन होता. नानाने मला विचारलं असतं तर पामरच्या बदल्यात मी बोवेन दिला असता, आणि बोवेन रॅशफर्डपेक्षा केव्हाही बरा. मला विचारलंच नाही. दाजींनी बुधवारी विचारलं आणि पंधरा मिनिटांत अंगठा.

मतदान नको तर नको. पण दोघांनी कानात बोलून सौदा करायचा आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये बघायचा, हे मला मान्य नाही.

---

सुधाताई_धुळे | ७ ऑगस्ट, ९:१५

सोन्याभाऊ, आता तुम्ही मुद्द्याचं बोललात. मतदानाची मागणी वेगळी, उघड सौद्याची वेगळी, आणि दुसरी रास्त आहे. सौदा ठरला की ग्रुपवर टाकायचा आणि वेव्हरच्या वेळेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात कुणाला चढी बोली लावायची असेल तर लावू दे. मालकाला तीच पसंत असेल तर त्याने ती घ्यावी. कुणाचा हक्क मारला जात नाही.

फक्त या खेपेला मेसेज ग्रुपवरच होता असं अ‍ॅडमिन म्हणतात. मग तुम्ही कुठे होतात?

---

सोन्या_भुसावळ | ७ ऑगस्ट, ९:१९

नाइट ड्युटी. झोपलो होतो.

---

पॅव्हेलियनमधून | ७ ऑगस्ट, ९:२१

🍿

---

नाना_चोपडा | ७ ऑगस्ट, ११:३५

बोलणार नव्हतो. पण दाजींना लबाड आणि मला बावळट ठरवून लोक झोपायला चाललेत, म्हणून लिहितो.

बर्नलीचा सामना मी पाहिला होता. दुकानातच, काउंटरखाली मोबाइल ठेवून, एका गिऱ्हाइकाला युरियाऐवजी सुपर फॉस्फेटचं पोतं दिलं इतका पाहिला होता. पेनल्टी पामरने मारली हे मला ठाऊक होतं. दाजींनी काही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही नव्हतंच.

माझा हिशोब असा. चेल्सीत पेनल्टीला दावेदार भरपूर. ऑगस्टमध्ये वेस्ट हॅमला एन्झोने मारली, ती अडवली गेली. मग स्टर्लिंग आहे. आणि एन्कुंकू जखमी होता, डिसेंबरच्या सुमाराला परत येणार होता. तो आला की पेनल्टी त्याची आणि कदाचित पामरची जागाही त्याची, असं मला वाटलं. एन्कुंकू आला, फार टिकला नाही, हे पुढचं झालं. दुसरीकडे रॅशफर्ड आदल्या सीझनला वर्ल्ड कपनंतर पेटला होता. थंडीत पुन्हा पेटेल अशी माझी अटकळ. आजही कुणी तेच पत्ते हातात दिले तर मी तोच सौदा करीन. पुणेकर म्हणतात तसा मूर्खपणा नव्हता तो, अंदाज होता. बसला नाही.

आणि हो, मी युनायटेडवाला आहे. २००८ ला मॉस्कोची फायनल हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाहिली तेव्हापासून. तोंडाने चेल्सी हरो म्हणायचं आणि चेल्सीच्या पोरासाठी देव पाण्यात ठेवायचे, हे मला जमत नव्हतं. याला कुणी संगनमत म्हणत असेल तर म्हणो.

५ एप्रिलच्या पहाटेचं सांगतो. गच्चीवर खाट, उकाडा, मोबाइलवर चेल्सी-युनायटेड. नव्वद मिनिटं संपली तेव्हा आम्ही ३-२ ने पुढे. पावणेतीनच्या सुमाराला, शंभराव्या मिनिटाला पामरची पेनल्टी. पुढच्याच मिनिटाला पुन्हा पामर. ४-३. त्याची हॅटट्रिक. माझी टीमही हरली आणि मी दिलेलं पोरगंच हरवून गेलं. दाजींना फोन लावला तर बहिणीने उचलला, म्हणाली, 'ते झोपलेत, सकाळी सांगू का?' ज्याच्या खात्यात ते पॉइंट पडत होते तो माणूस घोरत होता. मला राग आला असेल तर तो एवढाच.

आता सोन्या, तुझ्यासाठी. पामर माझ्याकडे आला कुठून, हे तू सांगणार की मी सांगू?

---

अमयनेरकर | ८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

सांग भो सांग!

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | ८ ऑगस्ट, ८:३०

अरे देवा. हे मी विसरलो होतो. आत्ता लीगचे जुने व्यवहार काढून बघितले.

ड्राफ्टमध्ये पामर सोन्याने उचलला होता. सिटीचा म्हणून, शेवटच्या फेऱ्यांत. १ सप्टेंबरला तो चेल्सीत गेला आणि सोन्याने त्याच आठवड्यात त्याला सोडून दिला. पुढच्या वेव्हरला नानाने घेतला. सोन्याने त्याच्या जागी कुणाला घेतलं ते सांगत नाही, माणसाला घरदार आहे.

---

कोथरूडचा_भाडेकरू | ८ ऑगस्ट, ८:४४

म्हणजे फुकट सोडून देणारा एक, रॅशफर्ड घेऊन देणारा दुसरा, आणि पहिला दुसऱ्याच्या सौद्यावर मतदान मागतोय. धागा वसूल.

---

सोन्या_भुसावळ | ८ ऑगस्ट, ९:१०

सिटीतून चेल्सीत गेलेल्या पोराला कोण ठेवतं? त्या वेळी चेल्सीत एवढे खेळाडू होते की बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. सुधाताईच म्हणाल्या ना, त्या दिवशीच्या हिशोबाने बघा. मग मलाही तोच न्याय लावा.

पण मी दोनच नंबरवर राहिलो आणि भोक पडलं ते याच एका पोराने. १६ एप्रिलला रात्री साडेबाराला एव्हर्टनचा सामना सुरू होताना मी दाजींच्या पुढे होतो. ६-०, पामरचे चार. चौथा पेनल्टीवर, आणि त्या पेनल्टीवरून चेल्सीची पोरं मैदानातच बॉलसाठी भांडत होती. जॅक्सनने बॉल घेतला तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून म्हणत होतो, सोडू नको रे बाबा. गॅलघरने बॉल काढून पामरच्या हातात दिला. तुम्हाला काय सांगू.

---

सुधाताई_धुळे | ८ ऑगस्ट, ९:२५

न्याय लावला. तुमचं सोडणंही त्या दिवसाच्या मानाने बरोबरच होतं. पण मग नानांवर आरोप कुठे राहिला?

---

दाजी | ८ ऑगस्ट, १०:००

मी फक्त एवढंच सांगायला आलो की बुटांचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

---

क्रिकेटच_बरं | ८ ऑगस्ट, १०:०२

उलट आहे हो! बुटांचे पैसे नवरदेवाने मेहुण्यांना द्यायचे असतात.

---

नाना_चोपडा | ८ ऑगस्ट, १०:०४

तेच तर भांडण आहे.

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | १२ ऑगस्ट, रात्री ९:१५

काल ड्राफ्ट झाला. मतदान नाही. सुधाताईंची सूचना घेतली : सौदा ग्रुपवर टाकायचा, वेव्हर सुटेपर्यंत थांबायचं, कुणी चढी देऊ केली तर ती तिथेच उघड. अडवायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला, तोही एखाद्याने टीम वाऱ्यावर सोडून खेळाडू वाटायला काढले तरच. नातेवाइकांसाठी वेगळा नियम सोन्याने सुचवला होता. तो ठेवला असता तर खानदेशात लीगच चालली नसती, कुणाचं ना कुणाचं कुठून तरी निघतंच.

पामर कुणाकडे गेला ते विचारू नका. सुरतवाला दुकानात अडकला होता, ड्राफ्टला आलाच नाही, त्याचं सगळं अ‍ॅपने आपोआप उचललं. अ‍ॅपने त्याला पामर दिला.

---

पॅव्हेलियनमधून | २९ सप्टेंबर २०२४, सकाळी ८:२०

धागा वर काढतो. काल रात्री ब्रायटनविरुद्ध पामरचे चार गोल, चारही पहिल्या हाफमध्ये. प्रीमियर लीगमध्ये असं आधी कुणीच केलेलं नाही. सुरतवाल्यांचं काय म्हणणं?

---

बिनपगारी_अ‍ॅडमिन | २९ सप्टेंबर, ९:०५

सुरतवाल्याला अजून पत्ताच नाही. त्याला वाटतंय चेल्सी म्हणजे साडीचा ब्रँड. काल हाफटाइमपासून ग्रुपवर त्याच्याकडे तीन ऑफर आल्यात, नव्या नियमाप्रमाणे सगळ्या उघड. पहिली सोन्याची, दुसरी दाजींची, तिसरी पुन्हा सोन्याची.

---

केळीबाग_रावेर | २९ सप्टेंबर, ९:३०

नानांची नाही?

---

नाना_चोपडा | २९ सप्टेंबर, ९:५०

आज युनायटेड-टॉटनहॅम आहे. ते झाल्यावर बघू.

आणि अ‍ॅडमिन, मागच्या वर्षी तळाला सुरतवालाच होता, पार्टी त्याच्याकडे लागते. मे महिन्यात वांगी नव्हती म्हणून सोडलं. डिसेंबरात शनिवार ठरवा, पण साडेचारच्या डेडलाइनआधी टीम लावून या. जाळाला कापसाच्या पऱ्हाट्या मी ठेवतो, भरीत ठेचायची बडगी सोन्याच्या घरची. मागच्या खेपेला जाळाजवळ बसून सगळे मोबाइल बघत होते आणि अर्धी वांगी करपली.